मावशीची मागची खोली

माझ्या मावशीच्या लॉण्ड्रीत तिच्या टेबलासमोर एकच खुर्ची होती. दुसरी ठेवायला जागा नव्हती अशातला भाग नाही, चांगली ऐसपैस जागा होती. पण मावशीचं धोरणच तसं. येणारा माणूस एकटा आला पाहिजे, एकटा बसला पाहिजे, आणि आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलं या समाधानात एकटाच उठून गेला पाहिजे. दोघं एकदम आले तर ती एकाला दारातल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसवायची आणि त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात दुसऱ्याशी बोलायची.

मावशीचे यजमान गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, ही आता धंद्यातला आपला अर्धा वाटा दिराला देऊन मोकळी होणार. पण दुसऱ्याच आठवड्यात ती त्यांच्या टेबलाशी जाऊन बसली. शाळेची पायरी फार चढलेली नव्हती, पण माणसाला गप्प कसं करावं हे तिला उपजत यायचं. कोणी काहीही मागितलं की मान डोलवायची आणि म्हणायची, "करते हं." त्या 'हं'मध्ये इतकी माया असे की मागणारा निम्मा तिथंच विरघळायचा.

आणि मागणारे काय थोडे होते? दवाखान्याच्या स्टोअरकीपरला धुतलेल्या चादरी भल्या सकाळी हव्या असत. त्यासाठी पाणी पिळून काढणारं मोठं यंत्र पहाटेच सुरू करावं लागे. कामगार त्याला ढोल म्हणायचे, आणि वाजायचाही तो तसाच. या ढोलाच्या बरोबर वर घरमालकीणबाईंची झोपायची खोली. जन्मभर दिवसपाळी-रातपाळी करून निवृत्त झालेली बाई, आता कुठे पाठ टेकावी म्हणते तर पहाटे पलंगासकट हलते. कामगारांना जेवायला बसायला जागा नव्हती, ओल्या फरशीवर डबे उघडायचे. आणि धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, यांना एका हॉटेलचं काम घ्यायचं होतं. त्यांना गोदाम हवं होतं. भाऊजींना कायम काहीतरी मोठं करायचं असे, आणि ते बहुधा मावशीच्या जिवावर.

मी शाळेत शिकवते. घरी जाताना लॉण्ड्रीत डोकावायची माझी सवय होती, त्यामुळे ही सगळी कसरत मी जवळून पाहिली. मावशीला मी म्हणायचे, "अगं, सगळ्यांना हो कसं म्हणतेस? कधीतरी अंगाशी येईल." ती म्हणायची, "समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणायला मी काय जज्ज आहे?" मग मी चिडायचे, आणि ती मला चहा पाजायची. म्हणजे मलाही ती तशीच गप्प करत होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दुपारी जेवणं झाली की मावशी मागच्या खोलीत नाहीशी व्हायची. तिथं पत्र्याचं छप्पर होतं, एक खिडकी होती आणि फाटक्या चादरींचा ढीग होता. त्या ढिगावर ती अर्धा तास आडवी व्हायची. दिवसभरात तेवढा एकच वेळ असा, की तिच्याकडे कोणी काही मागत नसे.

एके दिवशी घरमालकीणबाई गुडघे धरत जिना उतरल्या. मावशीने लगबगीने खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"तुझ्या या खुर्चीत बसून बसून माझा पार भ्रमनिरास झाला," त्या म्हणाल्या. "पहाटेचा ढोल बंद कर, नाहीतर महिनाअखेर जागा रिकामी कर. आणि काय सांगायचं ते या वेळी सगळ्यांसमोर सांग. मला एकटीला नको."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ढोल बंद केला तर दवाखाना गेला, आणि दवाखान्यावरच तर सगळ्यांचे पगार निघत होते. जागा सोडावी तर एवढी यंत्रं, नळ, गटारं घेऊन जायचं कुठे? संध्याकाळी तिने मला फोन केला. "तुझ्याकडच्या खुर्च्या घेऊन ये," म्हणाली. आवाज इतका बारीक की मी लगेच खुर्च्या मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या टेबलासमोर पहिल्यांदाच माणसं ओळीने बसली. मालकीणबाई, भाऊजी, स्टोअरकीपर आणि कामगारांच्या वतीने इस्त्रीवाले काका. हे काका लॉण्ड्री सुरू झाल्या दिवसापासूनचे. काही मिनिटं सगळे एकमेकांकडे अशा नजरेने बघत होते, की मला वाटलं आता इथंच जुंपणार. मालकीणबाईंच्या झोपेचा शत्रू स्टोअरकीपर, सतत नवं काम आणू बघणारे भाऊजी काकांच्या विश्रांतीचे शत्रू. आणि भाऊजींचा शत्रू जवळजवळ प्रत्येकजण.

मावशीने घसा साफ केला, पण बाईंनी तिला बोलू दिलं नाही.

"ढोल मागच्या खोलीत हलवणार होतीस. वर्ष होऊन गेलं. त्याचं काय झालं तेवढं सांग."

इस्त्रीवाले काका चमकले. "मागच्या खोलीत? ताई, ती खोली तर आम्हाला डबा खायला देणार होतात."

"कोणती खोली?" भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. "वहिनी, तिथं हॉटेलच्या मालाचं गोदाम करायचं ठरलंय आपलं. मी त्यांना शब्द देऊन बसलोय."

बिंग फुटलं. मी मावशीकडे बघायचंच टाळलं. गंमत अशी, की वर्षानुवर्षं ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, त्यांचं त्या क्षणी एका गोष्टीवर पूर्ण एकमत झालं. सगळे मिळून मावशीवर तुटून पडले. बाईंनी भाऊजींच्या बोलण्याला दुजोरा दिला, भाऊजींनी काकांच्या. ज्या स्टोअरकीपरांना खोलीशी काहीही देणंघेणं नव्हतं, तेही म्हणाले, "हे मात्र बरं नाही केलंत."

शेवटी मावशी पदराशी चाळा करत म्हणाली, "खरं आहे तुमचं. समोर बसून कोणी मागितलं की माझ्याच्याने नाही म्हणवत नाही. आणि खोली कोणालाच दिली नाही, कारण... दुपारी मी तिथं पडते जरा. तेवढीच एक जागा आहे मला." एवढं बोलून ती रडू लागली. मला तिचा राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं ही बाई सगळ्यांचं ऐकत होती, आणि तिचं ऐकायला तिच्यासमोर कधी एक खुर्चीसुद्धा नव्हती.

"ते ठाऊक आहे आम्हाला," इस्त्रीवाले काका शांतपणे म्हणाले. "म्हणून तर तेवढा वेळ कोणी इस्त्री आपटत नाही."

मावशीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं.

यानंतर भांडण झालंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. चांगलं तासभर झालं. पण आता ते आपापसात भांडत होते, आणि मावशी नुसती ऐकत होती. ढोल मागेच जायला हवा हे लवकर ठरलं, कारण त्या पत्र्यावर कोणी राहत नव्हतं. काकांनी खोलीवरचा हक्क सोडला आणि त्याबदल्यात ढोल हलल्यावर पुढे रिकामी होणारी जागा मागून घेतली, तिथल्या खिडकीजवळची. स्टोअरकीपर म्हणाले, ढोल हलवेपर्यंत आठ-दहा दिवस ते कपाटातल्या जादा चादरींवर भागवतील, त्यापुढे मात्र सकाळचा माल सकाळीच हवा. भाऊजी सगळ्यात शेवटी वळले. जागाच गेली तर आपला अर्धा वाटाही जाणार, हे बाईंनी त्यांना स्वच्छ शब्दांत सांगितलं तेव्हा. हॉटेलचं काम दुसऱ्याने पटकावलं, आणि ते दुःख भाऊजी आजही जेवताना उगाळतात.

ढोल हलला. पहाटे तो मागे घुमायचा आणि वर भांडंही हलायचं नाही. पुढे खिडकीशी कामगारांचे डबे उघडू लागले. सगळ्यांचं झालं, आणि मावशीची खोली मात्र गेली. पहिल्या दुपारी ती टेबलाशीच बसून पेंगत होती, मान एकदा इकडे आणि एकदा तिकडे.

जिन्यावरून बाईंची हाक आली. "अगं, वर येऊन पड जरा. पलंग रिकामाच आहे."

"येते हं," मावशी म्हणाली.

"ते 'हं' ठेव तुझ्याजवळ. आत्ता ये."

मावशी गेली. थोड्या वेळाने स्टोअरकीपर आले, म्हणून मी तिला बोलवायला वर गेले. दार लोटलेलं होतं. ज्या बाईची झोप माझ्या मावशीने इतकी वर्षं उडवली होती, ती बाई दाराबाहेर स्टूल टाकून बसली होती. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय," ती कुजबुजली.

"दवाखान्याचे साहेब आलेत खाली."

"मग बसू दे की. खुर्ची आहे ना?"