नानांच्या जीपमधले शेवटचे शब्द

बीड जिल्ह्यात माणूस नुसता जन्मला किंवा नुसता मेला तर ते पुरेसं होत नाही. नानांच्या कानावर गेलं की मगच ते घडलं असं धरतात. निदान नाना तरी असंच धरतात. नाना म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या जीपचे मालक आणि चालक. बाळंतपण आणि मृत्यू घरच्या लोकांनी कसे अनुभवले ते गावोगावी जाऊन ऐकायचं, रेकॉर्ड करायचं आणि शब्द न् शब्द उतरवून काढायचा, हे माझं काम. मला तिथे पोचवायचं आणि परत आणायचं, हे नानांचं. त्यांच्या करारात एवढंच लिहिलं होतं. पण करार वाचून सही करणं नानांना विश्वासघातकीपणाचं वाटतं, त्यामुळे त्यांना ते कधी कळलंच नाही.

फोन केला की रुग्णवाहिका येते, अशी सोय नव्हती त्या काळात नानांनी हीच जीप अडलेल्या बायकांसाठी आणि अत्यवस्थ माणसांसाठी पळवली. रस्ते असे की बऱ्याच बाळांनी दवाखान्याची वाट पाहिलीच नाही. गाडीत जन्मलेल्या बाळांचा आकडा सकाळी अकरा असतो, दुसऱ्या चहानंतर चौदा होतो आणि संध्याकाळी घरी परतताना वीसच्या आसपास रेंगाळतो. धारूरच्या घाटात ते वळणावळणाला हॉर्न वाजवतात, पण समोरून कुणी येतंय म्हणून नाही. "हितं पोरगी झालती, आता बारावीला हाय. हितं जुळी. एक ह्या वळणाला, दुसरं त्या." आमच्या फॉर्मवर जन्मस्थानासाठी तीनच चौकोन आहेत: दवाखाना, घर, वाटेत. त्यातला 'वाटेत' नानांना अपमान वाटतो. "वाट काय एकच हाय का, ताई? कड्याच्या कारखान्याला ऊसतोडीला निघालेली बाई, लिंबागणेशच्या म्होरं आपलं टायर बसलं, तितं पोरगं झालं. तुमच्या चौकोनात टायर कुठंय?" गाडीत जन्मलेल्या बाळाची आत्या आपणच, असाही त्यांचा दावा आहे. बारशाला नाव कानात सांगताना बायका आत्याच्या पाठीत बुक्के घालतात. एका बारशाला नाना खऱ्या आत्याला बाजूला सारून पाळण्याशी वाकले आणि बायकांनी अजिबात हातचं राखलं नाही. चार दिवस ते स्टेअरिंगवर ओणवे होऊन गाडी चालवत होते. पुढच्या बारशाचं आमंत्रण आलं तेव्हा टोपी घालून सगळ्यांत आधी तयार!

मुलाखत चालू असताना नानांनी गाडीत बसायचं, असा नियम होता. मी मुळात कमी बोलणारी, इंग्रजी शाळेतली; 'आपण केव्हाही सहभाग मागे घेऊ शकता' हे वाक्य मी संमतीपत्रातून इतक्या हळू वाचायची की समोरची बाई घाबरून जायची. मग बाहेरून नाना ओरडायचे, "म्हंजी कटाळा आला तर उठून जावा, वहिनी!" वहिनी हसायच्या आणि अंगठा द्यायच्या. मी गाडी लांब, लिंबाखाली लावायला सांगितली. पण अंतर वाढलं की नानांचे कान जास्त तिखट होतात. एखादी आजी सांगत असते, "मंगळवारी कळा सुरू झाल्या," आणि लिंबाखालून आवाज येतो, "मंगळवार न्हवता, बाजाराचा दिवस व्हता!" मग आजी मला सोडून त्यांच्याशीच भांडते आणि त्या भांडणात मला तासाभराच्या प्रश्नांनी मिळालं नसतं ते सगळं मिळून जातं. प्रकल्पाच्या प्रमुख असलेल्या पुण्याच्या मॅडमना पाठवलेल्या प्रत्येक मुलाखतीत मी मधूनमधून 'अज्ञात आवाज: न्हाई!' असं प्रामाणिकपणे लिहीत असे. दहाव्या मुलाखतीनंतर मॅडमनी विचारलं, हा अज्ञात माणूस तुमच्या मागावर आहे का?

मृत्यूच्या मुलाखती उतरवताना मात्र मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पाच घरांत, पाच वेगवेगळ्या गावांत, मरणाऱ्या माणसाचे शेवटचे शब्द जवळजवळ सारखेच होते. एका घरी थोरल्या मुलाला 'धाकट्या भावाला अंतर देऊ नकोस' म्हणून सांगितलेलं, दुसरीकडे सुनेचं कौतुक, तिसरीकडे लेकीची आठवण. पण पाचही जणांनी सुरुवात एकाच वाक्यानं केली होती: "नाना, गाडी लई झ्याक चालवता." म्हणजे आमच्या जिल्ह्यातली माणसं प्राण सोडण्यापूर्वी जीपच्या ड्रायव्हिंगला दाद देत होती! तीही अशा जीपला, जिच्या खडखडाटात सोबत बसलेल्या नातेवाइकांना काहीच ऐकू आलं नव्हतं. शब्द ऐकले होते फक्त नानांनी.

मी त्यांना विचारलं. नाना आधी टायर बघत राहिले, मग दुसरं टायर बघत राहिले. चारही टायर झाल्यावर म्हणाले, "दोन दोन तासांचा रस्ता, ताई. माणूस गपगार पडून ऱ्हातं आन जातं. घेऊन आलो की दारात समदी उभी. 'काय बोलले का, नाना?' काय सांगू? रिकाम्या हातानं जावं का दारात?"

"पण गाडीचं कौतुक कशाला?"

नानांचे कान लाल झाले. "ते खरं वाटावं म्हणून."

मी मॅडमना कळवलं. मॅडम चांगल्या आहेत, पण संशोधन म्हणजे संशोधन. त्यांनी सांगितलं, पाचही घरी पुन्हा जा आणि एवढंच विचारा: हे शब्द तुम्ही स्वतः ऐकलेत का? प्रश्न सरळ होता. पण तो विचारला की त्या घरातून कोणती वस्तू उचलून न्यायची आहे हे मला कळत होतं. नानांनाही कळत होतं. त्या दिवशी पूर्ण घाटात त्यांनी हॉर्न वाजवला नाही.

पहिलं घर धारूरच्या पलीकडच्या वस्तीवर. काकू ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. त्यांचे मालक नानांच्या गाडीतच गेले होते. मुलगा तेव्हा ऊसतोडीला, गाडीत सोबत एक पुतण्या, जो सगळा वेळ मोबाइलची रेंज शोधत होता. मालकांच्या वाट्याचे शब्द होते: "नाना, गाडी लई झ्याक चालवता. सुनेला म्हणा, तुझ्या हातचं खाऊन पोट भरलं."

मी प्रश्न विचारला. इतक्या हळू की मलाच ऐकू आला नाही. काकूंना आला. सूप खाली ठेवून त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"अगं माय, बोलतील कुठून? मरायच्या तीन वरीस आदीच त्यांची वाचा गेलती, लकवा मारला तवा. नाना पडला परगावचा, त्याला काय ठाऊक!"

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"कळायला काय झालं? तोंड उघडलंच व्हतं मी. पण सून दारात उभी व्हती." त्यांनी आवाज उतरवला. "तीन वरीस तिनं हागणं-मुतणं काढलं. त्यास्नी 'बरं केलंस पोरी' म्हणता येत न्हवतं. मला येत व्हतं, तर मी म्हणलं न्हाई. सासू पडले ना! नानाचं ऐकल्यावर रडली बघ ती. तवा कुटं रडली."

आतून सून चहा घेऊन आली. "मामांचं विचारायला आलाव का?" मला कप देत ती म्हणाली. "लई चांगलं बोलले बघा जाताना. माझंच नाव काढलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, आमच्याकडे लिहिलेलं आहे." आणि रेकॉर्डर बंद केला.

बाकीच्या चार घरी मी गेले नाही. मॅडमना सगळं लिहून कळवलं आणि पुढे जाणार नाही, हेही. दोन दिवसांनी उत्तर आलं: शब्द राहू द्या, शेजारी 'चालकाने सांगितले' असं लिहा. तसं लिहिलं.

पण त्या दिवशी परतताना हे काही ठरलेलं नव्हतं. रस्त्यावरची नजर न काढता नानांनी काकूंचं विचारलं, "वहिनी काय म्हणल्या?"

"सांगता येत नाही, नाना. लोकांचं बोलणं गोपनीय असतं."

नाना किती तरी वेळ मान हलवत राहिले. "बरूबर हाय," म्हणाले. "माणसाचं बोलणं असं कुणालाबी सांगत फिरू न्हाई."

मला वाटलं, आता ते हसतील. पण ते मनापासून म्हणाले होते. गाडी अगदी हळू चालली होती आणि शेजारी बसून मी विचार करत होते, की इतकी माणसं इथं गपगार पडून गेली. दोन दोन तास त्यांच्याशी कुणी तरी बोलत असणारच, आणि ते नानाच असणार. ते काय बोलत होते, हे मात्र कुणी कुणाला जाऊन सांगितलेलं नाही.