बाबांच्या आवाजातली शीळ

बाबांना दुपारी चारला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. म्हणजे त्यांचा आवाज आमच्याकडे तेवढ्या दिवसापुरताच होता, आणि तो टिपून ठेवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. मी इथे उत्तरेत, आलमबागेतल्या एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. आवाज हा माझ्या पोटापाण्याचा विषय, तेव्हा ते दुसऱ्या कुणाला मी करूही दिलं नसतं.

महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरी सकाळीच फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, खिडक्यांवर रजया टांगल्या. बाबा वायुदलात वायरलेसवर होते. माईकसमोर कसं बसायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. घसा दुखत असतानाही ते तासभर बोलले. साताऱ्यातली शाळा, पहिलं पोस्टिंग, आईला बघायला गेले तो दिवस. आवाज अगदीच घोगरा झाला तेव्हा मीच थांबवलं.

जेवणं आवरून फाइल लॅपटॉपवर घेतली. तासाभराच्या मानाने ती फारच लहान होती. लावून पाहिली तर बाबा फोनवरून बोलल्यासारखे ऐकू येत होते. गेल्या आठवड्यात हजरतगंजच्या एका क्लायंटची लांबलचक मीटिंग टिपायची होती. कार्ड पुरावं म्हणून मी रेकॉर्डर सेकंदाला आठ हजार सॅम्पलवर, म्हणजे अगदी हलक्या दर्जावर, आणला आणि परत वर न्यायला विसरले. याच चुकीवरून स्टुडिओतल्या दोघांना मी रडेपर्यंत बोलले आहे.

आठ हजारांवर रेकॉर्ड केलं की सेकंदाला चार हजार कंपनांच्या वरचं काहीच हाती लागत नाही. बाबांच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. ‘स’ किंवा ‘श’ म्हणताना तिथून एक बारीक शीळ निघते. ती त्या चार हजारांच्या वरची. तासाभरात ती एकदाही आली नव्हती. सॉफ्टवेअर तिच्या जागी काहीतरी भरून देतं, पण ते बाबांचं नसतं.

“काय झालं गं?” बाबांनी विचारलं.

तीन वाजून गेले होते. मी सगळं सांगून टाकलं.

“बोललेलं कळतंय ना?” ते कुजबुजले. “वायरलेसवर आमची अख्खी नोकरी एवढ्यावर निघाली.”

“कळतंय हो, पण ते तुम्ही वाटत नाही, बाबा!” मी त्यांच्यावरच ओरडले. राग माझा मला आला होता, आणि निघाला त्यांच्यावर.

ते रेकॉर्डरकडे बोट दाखवून म्हणाले, “लाव परत.”

अठ्ठेचाळीस हजार, चोवीस बिट. मी तीनदा तपासलं. तेवढ्यात फाटकाशी सब्जीवाल्याचा भोंगा सुरू झाला. मी धावत बाहेर गेले. “भैया, बस दो मिनट बंद कर दीजिए.” त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने बंद केला. आत आले तर ऑटोवाल्याचा फोन, कोपऱ्यावर पोचलो म्हणून. बाबांनी सुरुवात केली आणि त्यांना ठसका लागला. पुन्हा सुरुवात, पुन्हा ठसका. हेडफोनमध्ये त्यांचा श्वास घासत होता.

तिसऱ्यांदा त्यांनी गोष्टीबिष्टी काही सांगितल्या नाहीत. मी स्कूटी काढताना ते रोज फाटकाशी उभे राहून म्हणायचे तेच म्हणाले, थांबत थांबत. “गाडी सावकाश चालव. संध्याकाळी उशीर करू नकोस. सावकाश जा गं.”

शीळ स्वच्छ आली. आणि शेवटच्या शब्दांवर, रेकॉर्डिंग चालू असताना, मी सवयीने बोलून गेले, “हाँ बाबा, हाँ.” रोज मान न वळवता म्हणायचे, तसंच.

चौथ्यांदा त्यांचा आवाज फुटला नाही.

ती फाइल अकरा सेकंदांची आहे. माझं बोलणं त्यांच्या बोलण्यावर असं चढलंय की ते वेगळं काढता येत नाही. माझी मला लाज वाटते.

बाबा आता बरे आहेत. सकाळी फाटकाशी येतात, ओठ हलवतात. मी स्कूटी बंद करते, वळून त्यांच्याकडे बघते, त्यांचं पूर्ण होऊ देते. मग मराठीत सांगते, “सावकाश जाते, बाबा.”