चार मिनिटांचा थांबा

विमानतळाच्या बसवर एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, विमानतळ आतून कसा असतो हो? तो म्हणेल, "आतून? आत कोण गेलंय!" आपला ड्रायव्हर अगदी तसाच. काचेचं ते सरकतं दार त्यानं हजारो वेळा पाहिलं होतं, पण बसच्या सीटवरून. थांब्यापासून दारापर्यंत फार तर सात पावलं. ती सात पावलं एकोणीस वर्षांत त्याला काही टाकता आली नव्हती.

नियमच तसा. शहरात स्टेशनासमोरून निघायचं, मध्ये कुठेही दार उघडायचं नाही, आणि उड्डाणपुलावरून थेट विमानतळाच्या वरच्या मजल्यावर यायचं. तिथं थांबा चार मिनिटांचा. तेवढ्यात माणसांनी उतरायचं, बसच्या पोटातलं आपापलं सामान काढून घ्यायचं. मग बस खालच्या मजल्यावर, बाहेरून आलेली माणसं भरायची, की परत शहर. थांब्यावर ड्रायव्हरनं सीट सोडायची नाही. सीटखाली कसलीशी वायर बसवलीय, इंजिन चालू असताना बूड उचललं की तिकडे कंट्रोल रूममध्ये लाल दिवा लागतो. इंजिन बंद केलं तर दुसरा दिवा. मोबाइल सकाळीच डेपोच्या कपाटात ठेवून यायचा. बोलायचंच असेल तर वायरलेसवर, आणि तेही कामापुरतं. नियम करणाऱ्यांना बहुतेक घरदार नसतं.

या ड्रायव्हरला दोन मेमो मिळालेले होते. एकदा कुबड्या घेतलेले एक आजोबा उतरेपर्यंत तो थांबला, साडेपाच मिनिटं. एकदा एका पोरीचा बूट पायरीच्या फटीत अडकला, सहा मिनिटं. तिसऱ्या मेमोला घरी बसायचं. तेव्हापासून डेपोत सगळे त्याला घड्याळकाका म्हणायचे. वरून तो हसायचा, पण आत कुठेतरी लागायचं.

आता या माणसाची एक खोड. तशी बिनविषारी. घरी, नातेवाइकांत, विमानतळाचा विषय निघाला की हा जरा फुगायचाच. "आमच्या विमानतळावर" असं म्हणायचा, जणू याच्या वडिलांनीच बांधलाय. तिथले सगळे मला ओळखतात, पहारेकरीसुद्धा हात वर करतात. आता हात वर करायचे हे खरंच, पण ते "चल, पुढे घे" म्हणून. हे काही त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. आणि ज्या एका माणसासमोर तर चुकूनही सांगितलं नसतं, ती म्हणजे त्याची ताई.

ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा. ताईनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत पोचवलं, गाडी शिकायची म्हणाला तेव्हा शिवणाचं मशीन विकून फी भरली. हा सत्तावन्न वर्षांचा झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी ताई चारचौघांत हाक मारणार "बाळ्या!" तिचा मुलगा परदेशात, सून बाळंतपणाला टेकलेली. ताईला तिकडे कायमचं न्यायचं म्हणून त्यानं अर्ज केला. दोनदा नामंजूर झाला, तिसऱ्यांदा व्हिसाचा शिक्का मिळाला. आणि मिळाला तर ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, डॉक्टर म्हणाले विमानात बसायचं नाही. दिवस गेले. शेवटी डॉक्टरांची परवानगी मिळाली तेव्हा शिक्क्याचा एकच दिवस उरला होता. त्या रात्रीच्या आत तिकडच्या जमिनीवर पाऊल पडलं पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात. दुपारी बारा चाळीसचं विमान. त्यानंतरचं कुठलंच चालणार नव्हतं.

खरं तर त्या दिवशी ड्रायव्हरची सुट्टी होती. सरळ ताईबरोबर प्रवासी म्हणून जायचं, दारापर्यंत सोडायचं, झालं. पण नाही! यानं ज्याची पाळी होती त्याच्या हातापाया पडून ड्यूटी बदलून घेतली. का? तर ताईला आपल्या बसमधून, स्वतःच्या हातानं विमानतळावर न्यायचं. हौस! एकोणीस वर्षं साऱ्या जगाला पोचवलं, आणि आपल्या ताईला दुसऱ्यानं पोचवावं?

बायकोनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, पण तुम्हाला खाली कुठे उतरता येतं? मी जाते ना त्यांच्याबरोबर."

"तू कशाला? पोरांची शाळा, डबे. मी आहे ना."

"तुम्ही सीटवर. आत कोण नेणार? त्यांना तर पाटीही नीट दिसत नाही अजून."

"सगळी व्यवस्था केलीय मी."

केली होती, खोटं नाही. वरच्या मजल्यावर सामानाच्या ढकलगाड्या गोळा करणारा एक माणूस होता, पिवळं जाकीट, सहा नंबरच्या खांबापाशी रोज असायचा. दोघांची स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवरची ओळख. तो म्हणाला, काका, माझी ताई समजून काउंटरपर्यंत नेतो. मग ड्रायव्हरनं ताईला पढवलं. "सहा नंबरचा खांब. तिथून हलायचं नाही. कुणी काही म्हणो, ऐकायचं नाही, हल्ली गोड बोलून लोक पासपोर्ट लांबवतात. तुला आत नेऊन बसवायची जबाबदारी माझी." तो पिवळ्या जाकिटाचा माणूस येईल, एवढं एकच वाक्य तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे काय, जिभेवर आलंच नाही. ते सांगायचं तर मी स्वतः येऊ शकत नाही हेही सांगावं लागलं असतं. आणि "आमच्या विमानतळावर" सात पावलं चालायची परवानगी नाही, हे ताईला कुठल्या तोंडानं सांगणार?

त्या दिवशी सकाळी ताई त्याच्या मागच्याच सीटवर बसली. समोर पाटी, चालकाशी बोलू नये. ताई स्टेशनापासून विमानतळापर्यंत एक क्षण गप्प बसली असेल तर शपथ. "बाळ्या, केवढी रे ही बस! बाळ्या, त्या रिक्षाला हॉर्न मार की. बाळ्या, जेवणाच्या वेळा पाळ हं, मी नसेन आता." शेजारच्या बाईंना सांगून झालं, हा माझा भाऊ, मीच वाढवलाय. मागचे प्रवासी हसत होते. ड्रायव्हर आरशातून तिच्याकडे बघत होता. त्याला इतका आनंद झाला होता की त्या रिक्षाला त्यानं खरंच हॉर्न मारला. मोबाइल तिनं घरीच ठेवला होता, भावजयीला वापरायला. तिकडे मुलगा नवा देणारच होता.

साडेनऊला बस वरच्या मजल्यावर लागली. चार मिनिटं. माणसं उतरली, एका भल्या माणसानं ताईची बॅग काढून दिली. ती बॅग ओढत खिडकीपाशी आली.

"बाळ्या, मी त्या खांबापाशी आहे हं."

"हो. हलू नकोस तिथून," तो म्हणाला. आणखी बोलायचं होतं. आदल्या रात्री अंथरुणात पडून त्यानं चांगली चार वाक्यं जुळवून ठेवली होती. पण पहारेकऱ्यानं शिट्टी मारली, मागच्या बसनं हॉर्न दिला आणि त्यानं गाडी पुढे घेतली. खांबापाशी पिवळं जाकीट दिसलं नाही. येईल, गेला असेल गाड्या आणायला, असं त्यानं मनाशी म्हटलं.

उतारावरून बस खाली आली, दार उघडलं, आणि समोर कोण? पिवळं जाकीट!

"काका! आज आमची बदली खाली केली हो, सकाळीच. तुमच्या ताई कितीला येणार?"

ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, ती आलीय! वर उभी आहे! तू जा, पळ!"

"कसा जाऊ काका? वरचा पास वेगळा, खालचा वेगळा. हा लाल पास घेऊन वर गेलो तर दारातच धरतील. थांबा, कुणाला तरी निरोप देतो."

कुणाला तरी! तोवर बस भरली, शिट्टी झाली, निघावं लागलं. ड्रायव्हरनं वायरलेस उचलला. कंट्रोलवरच्या साहेबांना सगळं सांगितलं, घाबऱ्याघुबऱ्या, मागचं पुढं करत. साहेब आधी म्हणाले, खासगी निरोप इथून जात नाहीत. मग म्हणाले, बघतो.

पुलावर वाहनांची ही रांग लागलेली. दहा वाजून वीस मिनिटांनी वायरलेस खरखरला.

"विमानतळाच्या चौकशीवाल्यांना कळवलं. त्यांचा माणूस जाऊन आला. बाई हलायला तयार नाहीत."

"तयार नाहीत म्हणजे?"

"म्हणतात, भावानं बजावलंय, इथून हलायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणखी काय! एकेक दार यानं स्वतःच्या हातानं लावून घेतलं होतं. वायरलेस गच्च धरून तो म्हणाला, "साहेब, पुन्हा पाठवा. त्याला म्हणावं, बाळ्यानं पाठवलंय असं सांग. लगेच ऐकेल ती."

"कोण बाळ्या?"

"मी, साहेब."

बसमध्ये पंचेचाळीस माणसं. कुणी हसलं नाही.

अकरा वाजता साहेबांचं उत्तर आलं. पुन्हा फोन लावला, तर तिकडे माणसं बदलली होती. नवा म्हणाला, एकदा निरोप दिलाय ना, आम्ही कुणाला उचलून आत नेत नसतो. तरी जमलं तर बघू. "मी माझ्याकडून केलं," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून ते खरं वाटत होतं.

स्टेशनासमोर बस रिकामी झाली. पुढची सुटायची वेळ सव्वाअकरा. तो तिकीट खिडकीतल्या बाईंकडे धावला, त्यांचा फोन मागितला. भिंतीवर विमानतळाचा नंबर लिहिलेला होता, तो लावला. आधी संगीत, मग यंत्रातली बाई, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. सगळे आकडे दाबून झाले. कृपया प्रतीक्षा करा. पिवळ्या जाकिटाचा नंबर डेपोतल्या मोबाइलमध्ये. पाठ असलेला एकच नंबर होता, ताईचा, आणि ती तर तो फोन घरी ठेवून गेलेली. तरी त्यानं लावला. बायकोनं उचलला.

त्यानं सांगितलं. "मी म्हटलं होतं" असं तिनं एकदा तरी म्हणावं, असं त्याला वाटत होतं. निदान दोन शिव्या तरी.

"मी आत्ता निघाले तरी तिथं एक वाजेल हो," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

"साहेब, पाच मिनिटं आधी सोडा," त्यानं वायरलेसवर विनवलं. वेळापत्रकाच्या आधी बस सुटत नाही. सव्वाअकराला सुटली. काउंटर अकरा चाळीसला बंद होणार होतं. हे बसमधल्या प्रत्येक माणसापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. एकोणीस वर्षं तो हेच आकडे लोकांना सांगत आला होता. मागून एकानं विचारलंही, "काका, माझं अडीचचं आहे, पोचेन ना?" तो म्हणाला, "आरामात."

पुलावर अकरा चाळीस झाले. त्यानं समोरच्या घड्याळाकडे बघितलं नाही, तरी कळलं. मग त्यानं मनाला समजवायला सुरुवात केली. गेली असेल ती. दुसऱ्यांदा माणूस आला असेल, त्यानं बाळ्याचं नाव घेतलं असेल, ती हसून उठली असेल. एव्हाना आत खुर्चीवर बसून शेजारणीला भावाच्या गोष्टी सांगत असेल. रागावली असेल, तोंडसुद्धा दाखवलं नाही म्हणून. रागावू दे. जन्मभर रागावू दे, पण आत असू दे.

बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी बस वरच्या मजल्यावर लागली. तेरा मिनिटांत विमान उडणार, म्हणजे त्याचं दार केव्हाच लागलेलं. त्यानं बसचं दार उघडलं, आणि मग मान वळवली.

ती होती. सहा नंबरच्या खांबापाशी, बॅगेवर बसलेली. पदरानं डोळा टिपत होती. ऑपरेशनचा डोळा, पाणी यायचंच त्यातून. बस बघितली आणि तिचा चेहरा असा काही उजळला की ड्रायव्हरला तिथंच मरून जावंसं वाटलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बॅग ओढत खिडकीपाशी आली. शिट्टी झाली. मागून हॉर्न वाजला. त्याचे हात स्टिअरिंगवर, बूड सीटवर.

"किती रे वेळ लावलास गाडी लावायला!" ताई म्हणाली. "जागा मिळेना का कुठे? एक माणूस सारखा येत होता, आत चला, आत चला. मी म्हटलं, माझा भाऊ इथलाच आहे, तो आल्याशिवाय मी नाही जायची. हे बघ, तुझ्यासाठी पाणी ठेवलंय बाटलीत, दमला असशील. चल, उतर आता पटकन. उगाच उशीर नको व्हायला."