हळू झाली की वाजणारी गाडी

मागच्या गुरुवारी दुपारी आमच्या भागातली लाइट गेली, म्हणून तो आवाज मला नीट ऐकू आला. कंप्रेसर बंद, शेजारच्याचा ग्राइंडर बंद... पनवेलात भरदुपारी इतकी शांतता मी बऱ्याच वर्षांनी ऐकली.

एक जुनी पांढरी हॅचबॅक गॅरेजच्या दारात वळली. वळताना चाकातून आलं... टक. मग जरा थांबून, टक-टक. आत कोणी बसलंय आणि बोटाने वाजवतंय, असं.

ओळखीच्यांना माहीत आहे, मी नववी नापास. स्टँडमागे पंक्चर काढत सुरुवात केली आणि आज स्वतःचं गॅरेज आहे, ते या दोन कानांच्या जोरावर. बेअरिंग गेलं की घुमतं, ब्रेक पॅड संपलं की किंचाळतं... सगळे आवाज पाठ आहेत. हा त्यातला नव्हता.

गाडी चालवत होता हरेश, उरणकडच्या कोळीवाड्यातला, तिशीचा. मागच्या सीटवर त्याची आई. ती काही उतरेना.

हरेशने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गाडी त्याच्या मोठ्या भावाची, महेंद्रची. तो महिन्याभरापूर्वी हार्ट अटॅकने गेला, अचानक. तेरावं झाल्यावर हरेशने गाडी बाहेर काढली, गावातल्या गावात फिरवली आणि चार दिवसांत हे सुरू झालं.

हरेशची बायको आता गाडीत पाय ठेवत नाही. आई मात्र रोज संध्याकाळी मुद्दाम येऊन बसते... एक चक्कर मार म्हणते. महेंद्र होडी किनाऱ्याला लावायचा तेव्हा ती टोपली घेऊन उभी असायची आणि तो होडीच्या फळीवर बोटांनी असंच वाजवायचा. आलो, म्हणून.

आई नीट जेवत नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे तिला पुण्याला बहिणीकडे न्यायचं होतं. एक्सप्रेसवेने. त्याआधी दाखवून घेऊ म्हणून तो आला होता.

गॅरेजमागच्या रस्त्यावर आम्ही एक फेरी मारली. मी पुढे बसलो, काच खाली, डोळे मिटून. चाळीसच्या वर गाडी एकदम गप्प. वीसच्या खाली आली की... टक.

आणि दर वेळी मागून आईचा हलका आवाज, "हा... हा रे." ती त्याला उत्तर देत होती. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला.

पण कान आपलं काम करत होते. त्या टकटकीच्या खाली अजून एक बारीक आवाज होता... लोखंडावर लोखंड सरकल्याचा. तो ऐकला आणि मला वेगळीच भीती वाटली. हरेशला म्हटलं, इथेच थांब, आता एक फूटही पुढे नको. चालत जाऊन जॅक आणि पाना घेऊन आलो.

चाकाशी बसलो तोच आईने उतरून माझं मनगट धरलं. म्हणाली, "चाक खोलायचा नाय. माझा पोर हाय तो. तुमी त्याला गप करणार."

अशा वेळी पाना काय कामाचा... मी तसाच बसून म्हटलं, "आई, इतके दिवस वाजवतोय म्हणजे त्याला काहीतरी सांगायचंय. काय ते बघायला नको?"

तिने माझं मनगट सोडलं.

डावीकडचं मागचं चाक. व्हील कॅप ओढली आणि तिच्यातून एक नट घरंगळत माझ्या पायाशी आला. गाडी वेगात असली की तो कॅपच्या कडेला दाबून बसायचा, हळू झाली की आतल्या आत पडायचा... टक. उरलेले तीन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. एक तर शेवटच्या दोन आट्यांवर होता.

उरण-पनवेल रस्त्यावर जासईला कंटेनरची गर्दी असते, तिच्यातून ही गाडी अशी आली होती. आणि उद्या घाट होता.

नट बघून हरेशला आठवलं, आणि तो सांगू लागला. महेंद्र गेला त्या दिवशी अंगणात पंक्चर झालेलं चाक बदलत होता. नवं चाक चढवलं, नट हाताने फिरवले, आणि छातीत कसंतरी होतंय म्हणून पाणी प्यायला आत गेला... तो परत बाहेर आलाच नाही.

मग माणसं यायला लागली, अंगण मोकळं करायचं होतं. कोणीतरी जॅक उतरवला. कॅप हरेशनेच तळहाताने दाबून बसवली. नट आवळलेत का, हे त्या घडीला कोण विचारणार?

मी नट ज्यावर बसतात ते स्टड तपासले, तीन नट आवळले. चौथ्याला पाना हरेशच्या हातात दिला. म्हटलं, "दादाचं राहिलेलं काम आहे, तू पुरं कर." त्याने सगळं वजन टाकून आवळला.

पुन्हा फेरी मारली. वीस... दहा... काही नाही. हरेश आईला समजावू लागला की गाडी चालून चालून नट सुटला, म्हणून चार दिवसांनी वाजायला लागला.

"चार दिवस नाय," ती शांतपणे म्हणाली. "दहाव्याच्या आधीच ऐकला मी. गाडी अंगणात उभी होती तवा."

उभ्या गाडीचं चाक वाजत नाही, हे मी कुठेही छातीठोक सांगेन... त्या दिवशी मात्र तोंडातून निघालं नाही.

शुक्रवारी हरेशचा फोन आला. नीट पोचले, आई दोन घास जेवली.

तेव्हापासून गाडी सोडण्याआधी मी चारही चाकं स्वतः पुन्हा आवळतो. मग इंजिन बंद करून मिनिटभर उभ्या गाडीशी कान देतो. महेंद्र, आपली कधी भेट झाली नाही... पण ही सवय तू लावलीस.