तेरणाकाठी खोली बघायला गेलो

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. म्हणजे हसाल तुम्ही, ते मला माहीत आहे. पण निदान चहाचा घोट तेवढा घशाखाली जाऊ द्या.

मी तुळजापूरला एका शाळेत कारकून. फिरायची हौस लई, खिसा मात्र हौसेच्या मानानं लहान. त्यामुळं आमचा मुक्काम कायम भक्तनिवासात आणि जेवण घरच्या डब्यातलं. अशात ह्या हिवाळ्यात मोबाईलवर एक जाहिरात दिसली. येडशीच्या पुढं, तेरणा नदीच्या काठी इको-लॉज. मातीच्या भिंती, चुलीवरचं जेवण, बैलगाडीतून फेरी, आणि दर चक्क आपल्याला परवडेल असा. मी तर जागच्या जागी नाचलो. बायकोला म्हणालो, सुनंदा, पिशवी भर. चूल आणि माती बघायला एसटीचं तिकीट कशाला काढायचं, असं तिचं म्हणणं होतं. पण आली.

येडशीला उतरून टमटम केली. चालकाला सांगितलं, नदीकाठचं मातीचं घर, दारात बैल. त्यानं मान हलवली आणि बरोब्बर तसल्या घरासमोर नेऊन सोडलं. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं नदीकाठी तसलं नसलेलं घर कुठलं? पण तेव्हा हे सुचतंय कुणाला? ताजं सारवलेलं अंगण, दारात रांगोळी, मागं हुरड्याला आलेली ज्वारी आणि खाली उन्हात चमकणारी तेरणा. फोटोपेक्षा सरस!

कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातले घरमालक लगबगीनं पुढं आले. त्यांना सगळे बापू म्हणत होते. ‘या, या. वाट सापडली न्हवं?’ म्हणाले. पाय धुवायला पाणी, पुसायला कोरा टॉवेल. मी सुनंदाच्या कानात म्हणालो, ह्याला म्हणतात सेवा. ती म्हणाली, ‘अहो, आपलं नाव तरी विचारलं का कुणी?’ मी तिला गप्प केलं. घरगुती वातावरण म्हणजे दुसरं काय असतं?

मग मी रीतसर कामाला लागलो. बसण्याआधी म्हणालो, सगळ्या खोल्या बघून घेतो. बापू जरा दचकले, पण त्यांनी घर दाखवलं. मी गादी दाबून पाहिली. न्हाणीघरात डोकावून गरम पाण्याची चौकशी केली. देवघरासमोरची खोली हवेशीर होती, म्हणून ती आम्हा दोघांना द्या असंही सांगून टाकलं. तिथं बापूंच्या आई झोपायच्या, असं ते हळूच म्हणाले. मी म्हटलं, त्यांची सोय दुसरीकडं करा की.

मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, लाजल्या.

ओसरीवर बसलो. मला व्यवहार आधी स्पष्ट करायची सवय. म्हणालो, ‘हे बघा बापू, तुम्ही काय काय देणार ते आताच बोलून घेऊ. मागनं वाद नको.’

बापू सावरून बसले. ‘आमच्या ऐपतीपरमानं करू की सगळं.’

‘ऐपतीचं काढू नका. बैलगाडी तर पाहिजेच. आम्ही त्यासाठीच आलोय.’

‘बैलगाडी?’ बापूंनी दारातल्या बैलांकडं असं बघितलं, जणू ते बिचारे आत्ताच निघाले. सुनंदा माझी बाही ओढत होती. पण मी इतका खुशीत होतो की म्हणालो, आणि नदीत डुंबायची सोय तेवढी बघा.

तेवढ्यात आतून साडी नेसलेली एक मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली. मी बशी घेतली, घास खाल्ला आणि विचारलं, स्वयंपाक तूच करतेस का? व्हय म्हणाली. एका वेळेला किती माणसांचा जमतो? तिनं वळून बापूंकडं बघितलं. आपण चांगल्या मनानं सल्ला द्यावा, म्हणून सांगितलं, ‘पोह्यात मीठ कमी आहे. आणि वाढताना जरा हसत जा, पोरी. हसून वाढलं की माणूस पुन्हा येतो.’

ती ताठ मानेनं आत गेली. आत भांडं आपटलं. मग कुजबुज, मग मालकीणबाईंचा समजावणीचा सूर, आणि त्यावर त्या मुलीचं एकच वाक्य स्वच्छ ऐकू आलं. ‘मला ह्यांच्या घरात जायचं न्हाय.’

मी म्हटलं, असेल नोकरांची काही कुरबुर.

थोड्या वेळानं बापू बाहेर आले. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी हात जोडले. ‘पाव्हणं, राग मानू नका. आमी साधी मानसं. तुमची बैलगाडी, तुमची हवेशीर खोली आमाला झेपायची न्हाय. ही सोयरीक राहू द्या.’

‘कसली सोयरीक?’

‘तुमी मुलाचे मामाच न्हवं का?’

सुनंदानं कपाळाला हात लावला. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. पाय कुठं ठेवावा ते कळेना. जाहिरात दाखवली. बापूंनी ती लांब धरून वाचली आणि नदीच्या वळणापलीकडं बोट केलं. लॉज तिकडं होतं. मुलाचे मामा-मामी त्या सकाळी घर बघायला येणार होते, आणि पाहुण्याला ‘तुम्ही कोण’ असं दारात कुणी विचारत नाही. मी कान धरून घरातल्या सगळ्यांची माफी मागितली. धाराशिवला बँकेत नोकरी करणाऱ्या त्या मुलीचीसुद्धा.

आणि आम्ही पिशवी उचलतोय तोवर खरे मामा आले. त्यांची मोटारसायकल पंक्चर झाली होती. बापूंनी आम्हाला जाऊ दिलं नाही. मामांनी तेच पोहे मागून मागून खाल्ले. मामींनी आत जाऊन मुलीला नोकरीबद्दल विचारलं आणि लग्नानंतर सोडू नको म्हणाल्या. देण्याघेण्याचा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाले, नारळ आणि मुलगी. मुलगी आतून हसत बाहेर आली. बापूंचे डोळे भरले.

पेढे वाटताना बापूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘तुमी आधी आलात म्हनून ही मानसं किती चांगली ते कळलं.’

सगळे खळखळून हसले. मीही हसलो, करणार काय? सुनंदानं पेढा तोंडात टाकला आणि मालकीणबाईंना म्हणाली, ‘मला बघायला आले तेव्हाबी हे असंच बोलले होते. आमच्या बाबांचं तेवढं हात जोडायचं राहून गेलं.’