आठ कोअरचा हट्ट

“मॅडम, हा प्रोसेसर काढा आणि मोठा टाका.” राहुलने कॉम्प्युटरचं कॅबिनेट काउंटरवर ठेवलं. लासलगावहून नाशिकपर्यंत त्याने ते मांडीवर धरून आणलं होतं. शेजारी त्याची बायको दीपाली. तिचे डोळे रडून सुजले होते.

आमच्या दुकानात कॉम्प्युटर असेंबल करायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. तरी नवीन गिऱ्हाईक माझ्या मागे बघून विचारतं, “सर नाहीत का?” मी सांगते, “सर गल्ल्यावर आहेत. कॉम्प्युटर मला कळतो.”

हे दोघं आठवड्यापूर्वी यादी घेऊन आले होते. दीपाली लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, राहुल गेम खेळतो, कॉम्प्युटर एकच. यादीत सगळ्यात महागडा प्रोसेसर. मी तो खोडला. प्रोसेसरमधले कोअर म्हणजे काम करणारे हात. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना, म्हणजे एडिट केलेल्या तुकड्यांची सलग फाइल बनवताना, जास्त हात लागतात. गेमला थोडेच पण चपळ हात पुरतात; चित्राचं खरं ओझं ग्राफिक्स कार्डवर असतं. म्हणून म्हटलं, आठ कोअरचा चपळ प्रोसेसर घ्या आणि उरलेलं बजेट ग्राफिक्स कार्डात घाला. त्यांनी तसाच कॉम्प्युटर बनवून नेला. गिऱ्हाईक स्वतःहून महाग मागतंय आणि ही बाई नको म्हणते, हे आमच्या शेठना मुळीच आवडलं नव्हतं.

आता ते गल्ल्यावरून म्हणाले, “मी तेव्हाच बोललो होतो.”

“परवा माझ्या गिऱ्हाइकाचं रिसेप्शन आहे, ताई,” दीपाली म्हणाली. “फिल्म तिथे मोठ्या स्क्रीनवर दाखवायचीये, अजून निम्मी बाकी आहे. एडिट करताना सारखं अडकतं, एक्स्पोर्टला चार-चार तास. त्याच भावकीतली अजून तीन लग्नं मला मिळणारेत. ही फिल्म चुकली की संपलं.”

मी तिची जुनी एक फिल्म एक्स्पोर्टला लावली. पस्तीस मिनिटांत तयार. राहुलचा गेम लावला. कुठेही अडखळला नाही.

“दवाखान्यात नेलं की पोराचा ताप उतरतो, तसं हाय हे,” राहुल म्हणाला.

“मोठा टाका आणि विषय संपवा,” शेठ म्हणाले.

मला राग आला. माझी निवड चुकली असती तर मी कबूल केलं असतं. “इथे चालतं म्हणजे भानगड घरी आहे. मी येते. प्रोसेसर कमी पडला तर मोठा माझ्या पगारातून.” शेठनी लगेच परवानगी दिली.

लासलगावला त्यांच्या घरात शिरले, तर समोर झालरीच्या कव्हरातला फ्रिज. मग कव्हरातला टीव्ही, कव्हरातला मिक्सर. राहुलने कॅबिनेट जागेवर ठेवून वायरी जोडल्या. तेवढ्यात त्याच्या आई लाल मखमली कव्हर घेऊन आल्या आणि त्यांनी ते कौतुकाने कॅबिनेटला घातलं. मागे वायरींपुरती फट, पुढे बटणापुरतं गोल भोक, कडेला सोनेरी लेस.

“मावशी, वापरताना हे काढता ना?”

“काढायचं कशाला? बटनाला भोक ठेवलंय की. कांद्याची सालपटं लय उडत्यात हितं.”

मी तीच फिल्म लावली आणि तापमान स्क्रीनवर आणलं. थोड्याच वेळात पंच्याण्णव अंश, आणि वेग धपकन खाली. फार तापला की जळू नये म्हणून प्रोसेसर आपणहून हळू होतो. मी कव्हर काढलं. तापमान उतरलं, वेग चढला. दीपालीने टाळीच वाजवली.

“आणि मोठा टाकला असता तर?” राहुलने विचारलं.

“तो अजून तापला असता. तेवढ्या बजेटात घरात हीटर आला असता.”

मावशींचा चेहरा पडला. मी खरंच सांगितलं, “इतकं मापात शिवणारं आमच्या दुकानात कुणी नाही. कॉम्प्युटर बंद केला, थंड झाला की घाला. चालू असताना पुढे फक्त मच्छरदाणीची जाळी लावा.” त्यांनी लगेच जुनी मच्छरदाणी कापायला घेतली.

रिसेप्शनच्या दुसऱ्या दिवशी दीपालीचा फोन आला. “ताई, फिल्म वेळेत झाली! सगळे बघतच राहिले. तिन्ही लग्नं मिळाली!” मला इतका आनंद झाला की मी फोन स्पीकरवर टाकला आणि गल्ल्यासमोर जाऊन उभी राहिले. शेठनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “चहा घेणार?” बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आता कुणी यादी घेऊन आलं की कोअर किती हवेत ते मी नंतर सांगते. आधी विचारते, तुमच्या घरी मिक्सरला कव्हर आहे का?