सोलापुरात जर्मन गाणी आणि माझा भारदस्त घसा

पुण्यात आमच्या सोसायटीत माझ्या आवाजाला एकाच कामासाठी मागणी असते: पार्किंगमध्ये आडवी लावलेली गाडी काढायला सांगणं. त्यामुळे सोलापूरच्या मेधाताईंनी जर्मन गाणी म्हणायला बोलावलं, तेव्हा मी तारीखही विचारली नाही. त्या तिथं नर्सिंगच्या मुलींना जर्मन शिकवतात. "मुली जर्मनीत नोकरीला जाणारेत. पुस्तकाला कंटाळल्यात. ये की!"

सकाळच्या गाडीनं दुपारी पोचलो. तुम्ही गेलात तर नवी पेठेत पायीच फिरा, रिक्षा गर्दीत अडकते. खाण्याबाबत मात्र माझं अनुकरण नको. कार्यक्रमाआधी मी कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी हाणली आणि घशात खरखर सुरू झाली. वर त्या उन्हात काळा कोट.

हॉलमध्ये मुली, त्यांच्या घरचे, आणि पियानोऐवजी कीबोर्ड. "बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधला, भारदस्त आवाज," असं मी ऐटीत समजावलं. कीबोर्डची पट्टी कुणीतरी चढवून ठेवलेली. पहिल्याच ओळीला माझी कुकरची शिट्टी झाली. मुली खो खो हसल्या. वाजवणाऱ्या सरांनी पट्टी उतरवली.

पुन्हा सुरू केलं, तर पहिल्या रांगेतल्या बाईंनी शेजारच्या लेकीला मोठ्यानं विचारलं, "क्या बोलरा ये?"

"अम्मी, चुप!" शबाना लाजली. या अम्मींनी लेकीला जायला अजून होकार दिला नव्हता, हे ताईंनी मला सांगितलं होतं.

"सांग की त्यांना," ताई शबानाला म्हणाल्या. "ओळ झाली की अर्थ सांग."

मग मी एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. एरवी मी हातवारे फार करतो. मला ही गाणी शिकवणारे गुरुजी त्यावरून कायम ओरडतात. त्या दिवशी मात्र थांबता थांबता हात आपोआप खाली राहिले, आवाजही उतरला. गाण्यात दूर गेलेला मुलगा नदीला म्हणतो, माझ्या घरावरून जा. शबानानं पुढची ओळ सांगितली, "अम्मी को बोल, मैं पोंच गई." मूळ मुलाची तिनं मुलगी केली होती. मी दुरुस्त केलं नाही.

गाणं संपलं. अम्मींनी डोळे पुसले, लेकीचा हात धरला.

"पोंच के फोन करना. नदी के भरोसे नक्को."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो अम्मींसाठी होता, तरी सवयीनं मीच वाकलो.

पुण्यात परतल्यावर तेच गाणं हळू, हात खाली ठेवून म्हणून पाहिलं. पहिल्यांदाच ते मला गाऊन दाखवण्यापेक्षा कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारचे काका.

"आज तुमचा आवाज आला नाही," ते काळजीनं म्हणाले. "तब्येत बरी आहे ना?"